वेरूळ कोणी कोरले, आणि आकाशात कोण राहते?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी आम्ही मुलांचा विज्ञानाचा तास घेतो. आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. शाळेत असताना विज्ञानाची गोडी लागली, ती नोकरीत आणि संसारात टिकून राहिली एवढेच. जानेवारीतल्या एका रविवारी नववीतला एक मुलगा मोबाईल घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "काका, हे बघा. वेरूळचं कैलास लेणं माणसांनी कोरलेलंच नाही. परग्रहावरून आलेल्यांनी कोरलं. ह्यात सगळं दाखवलंय."

आम्ही पाहिले. निवेदकाचा आवाज भारदस्त, मागे ढोलताशासारखे संगीत, आणि दर दोन मिनिटांनी एकच प्रश्न : हातात छिन्नी-हातोडा घेतलेल्या साध्या माणसांना हे जमेल का? आम्हांला राग आला, हे आधीच कबूल करतो. परग्रहवासीयांचा नव्हे, त्या प्रश्नाचा राग आला. साध्या माणसांना जमेल का, हा प्रश्न आपल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे. आता तोच प्रश्न उडत्या तबकडीत बसून आला, इतकाच काय तो फरक.

पण आम्ही रागावलो असतो तर मुलगा गप्प बसला असता आणि घरी जाऊन तेच चित्र पुन्हा पाहिले असते. शिवाय त्याच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आमच्याही आवडीचा आहे. पृथ्वीबाहेर कुठे जीव आहे का? असावा असे आम्हांला मनापासून वाटते. आकाशगंगेत अब्जावधी तारे आहेत. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे सहा हजारांहून अधिक ग्रह २०२५ पर्यंत नोंदले गेले आहेत. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा असा पहिला ग्रह सापडला १९९५ साली. तीस वर्षांत इतकी मजल गेली आहे. एवढ्या पसाऱ्यात फक्त आपल्याच मातीला अंकुर फुटला असेल, हे आमच्या मनाला पटत नाही. मात्र आमच्या मनाला पटत नाही, हा काही पुरावा नव्हे.

म्हणून त्या मुलाला आम्ही म्हटले, "वेरूळचं नंतर बघू. परग्रहावरचा जीव खरोखर शोधतात ते कसं शोधतात, ते आधी ऐक." वाचकहो, तेच इथे तुमच्याही कानावर घालतो. ह्या शोधाचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच देशात झाला आणि त्याचा प्रमुख आपल्या कोल्हापुरात जन्मलेला माणूस होता, ही गोष्ट फार थोड्या घरांत माहीत आहे.

तो माणूस म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. केंब्रिजला त्यांचे गुरू होते फ्रेड हॉयल. हॉयल यांचे एक धाडसी मत होते, ते त्यांनी चंद्रा विक्रमसिंघे यांच्यासह मांडले. जीवसृष्टीची बीजे पृथ्वीवर तयार झाली नाहीत, ती धूमकेतूंबरोबर अंतराळातून आली आणि आजही सूक्ष्म जंतू वरून झिरपत असतील, असे ते म्हणत. बहुतेक शास्त्रज्ञांनी माना हलवल्या. नारळीकरांनी विचार केला की वाद घालत बसण्यापेक्षा वर जाऊन बघावे.

वर म्हणजे किती वर? विमान उडते दहा-बारा किलोमीटरवर. ह्यांना जायचे होते चाळीसच्या पलीकडे, जिथे खालची धूळ आणि खालचे जंतू सहसा पोचत नाहीत. तिथे काही जिवंत सापडले तर ते वरून आले असण्याची शक्यता तरी विचारात घेता येईल. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. तिथून जानेवारी २००१ मध्ये एक फुगा गेला. दुसरा, अधिक काटेकोर तयारीचा, २० एप्रिल २००५ रोजी गेला. फुगा म्हटल्यावर जत्रेतला फुगा डोळ्यांपुढे येतो. ह्या फुग्याचे आकारमान होते २ कोटी ६७ लाख घनफूट! आपल्या दहा बाय दहाच्या कितीतरी हजार खोल्या त्यात मावतील. त्याच्या खाली ४५९ किलोचे सामान टांगलेले होते.

त्या सामानात पोलादाच्या सोळा नळ्या होत्या. नळ्या आधी पूर्ण निर्जंतुक केल्या, आतली हवा काढून टाकली आणि तोंडे बंद केली. मग त्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवल्या. हा निऑन इतका थंड असतो की नळीत शिरलेली हवा आत जाताच गोठते, तिची जागा रिकामी होते आणि बाहेरची हवा आणखी आत ओढली जाते. पंप नाही, पंखा नाही, नुसत्या थंडीने हवा खेचायची! २० ते ४१ किलोमीटर उंचीपर्यंत ठिकठिकाणी हवा गोळा झाली, आणि नळ्या हवाई छत्रीने खाली उतरल्या.

इथून पुढचा भाग आम्ही मुलांना दोनदा सांगतो. त्या हवेची तपासणी एकाच प्रयोगशाळेत झाली नाही. हैदराबादची पेशी व रेणवीय जीवशास्त्र संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था, दोन्हीकडे स्वतंत्रपणे पण सारख्याच पद्धतीने काम झाले. एकाच्या हातून चूक झाली तर दुसऱ्याच्या तपासणीत ती उघडी पडावी. आपल्याकडे बचत गटाच्या पैशांची मोजणी दोघींनी मिळून करतात, ती काही एकमेकींवर अविश्वास म्हणून नव्हे. तसेच हे.

सापडले काय? जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती. त्यांतल्या नऊ पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळल्या. पण तीन जिवाणू पूर्णपणे नव्या जातीचे निघाले. सूर्याचे अतिनील किरण जंतूंना मारतात, पण हे तिघे आपल्या जवळच्या भाईबंदांपेक्षा ते किरण जास्त सोसणारे होते. एकाला हॉयल यांच्या नावावरून जॅनिबॅक्टर हॉयलेई म्हटले, दुसरा इस्रोच्या नावाने बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि तिसरा आर्यभटाच्या नावाने बॅसिलस आर्यभट्टाई. दुसरा फुगा वर गेला तेव्हा हॉयल जिवंत नव्हते. ऑगस्ट २००१ मध्येच ते गेले होते.

आता विचार करा. गुरूने आयुष्यभर जे सांगितले आणि ज्यासाठी टीका सोसली, त्याच्या बाजूचे काही तरी हाताला लागले आहे. वर्तमानपत्रवाले दारात उभे आहेत. "आकाशातून जीव आला" एवढे चार शब्द बोलले असते तर जगभर मथळे झाले असते. मार्च २००९ मध्ये इस्रोने निकाल जाहीर केला, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता की हे जंतू पृथ्वीबाहेरून आले असे ह्यावरून ठामपणे सिद्ध होत नाही, मात्र काम पुढे नेण्यास उत्तेजन मिळते.

आमच्या तासाला बसणारी एक मुलगी फटकळ आहे. ती म्हणाली, "मग एवढा फुगा सोडून उपयोग काय झाला?"

उपयोग हाच झाला, असे आम्हांला वाटते. जात नवी आहे म्हणून ती परक्या ग्रहावरची आहे, असे होत नाही. आपल्या पायाखालच्या मूठभर मातीतसुद्धा नाव न ठेवलेले कितीतरी जंतू असतात. आणि झालेही तसेच. पुढच्या काळात तोच आर्यभट्टाई पिकांच्या मुळांजवळच्या मातीत सापडला. ४१ किलोमीटरपर्यंत जाऊन ज्याला आणले तो शेताच्या बांधावरही होता! २००९ साली कोणी छातीठोक दावा केला असता तर पुढे त्याला तोंड लपवावे लागले असते. इथे कोणालाच तोंड लपवावे लागले नाही, कारण जेवढे हाती होते तेवढेच सांगितले होते.

ह्याच नारळीकरांनी २००८ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या बरोबरीने महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची परीक्षा घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखा म्हटले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. प्रत्येकाला चाळीस पत्रिका होत्या. नाणे उडवून सांगितले असते तरी वीस बरोबर आल्या असत्या, आणि ह्यांची सरासरी वीसपेक्षाही कमी भरली. ज्योतिषांना लावलेली कसोटी सोपी; ती परक्याच्या मताला लावायची असते. तीच कसोटी आपल्या गुरूच्या मताला लावायला वेगळी छाती लागते. नारळीकरांची विज्ञानकथा पुष्कळांनी वाचली असेल, आमच्या मते त्यांची ही बाजू जास्त सांगण्यासारखी आहे.

घाई केली की काय होते तेही सांगितले पाहिजे. २००१ च्याच पावसाळ्यात केरळात तांबडा पाऊस पडला. त्यातल्या लाल कणांना कोणी परग्रहावरच्या पेशी म्हटले. सरकारी तपासणीत त्या झाडांवर वाढणाऱ्या एका शेवाळाच्या बीजाणू निघाल्या. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स गावच्या रेडिओ दुर्बिणीत १९९८ पासून अधूनमधून चमत्कारिक आवाज येत असत. सतरा वर्षांनी, २०१५ मध्ये, उलगडा झाला. तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी कोणी जेवण गरम करताना मायक्रोवेव्ह भट्टी बंद होण्याआधीच तिचे दार उघडले की तो आवाज उमटे. डबा गरम करणारा भुकेला माणूस, आणि शास्त्रज्ञ मात्र आकाशाकडे डोळे लावून! तासाला मुले पोट धरून हसली. पण हा शोधही त्यांनीच लावला आणि स्वतःच छापला, हे आम्ही हसू ओसरल्यावर सांगितले.

रेडिओ दुर्बिणीने परग्रहवासीयांचा आवाज ऐकण्याची ही खटपट जुनी आहे. १९६० मध्ये अमेरिकेत ग्रीन बँक येथे फ्रँक ड्रेक ह्या तरुण शास्त्रज्ञाने २६ मीटरची थाळी दोन जवळच्या ताऱ्यांकडे वळवली आणि कान लावून बसला. काही आले नाही. तेव्हापासून आजपर्यंत ठाम असे काहीच आलेले नाही. १९६७ मध्ये मात्र क्षणभर सगळ्यांचा श्वास अडकला होता. केंब्रिजला जोसलिन बेल नावाची चोविशीतली विद्यार्थिनी होती. ज्या दुर्बिणीवर ती काम करी ती उभारताना खांब ठोकण्यापासून तारा ओढण्यापर्यंत तिने स्वतः हात लावला होता. कागदाच्या लांबलचक पट्टीवर तिला एक बारीक खूण दिसली. आकाशातल्या एकाच जागेवरून, दर १.३३ सेकंदाला, घड्याळासारखी टिकटिक. इतके नियमित निसर्गात काय असणार? थट्टेने तिला "छोटी हिरवी माणसे" असे नावही मिळाले. बेलबाईंनी थट्टेवर थांबायचे नाकारले. जुन्या पट्ट्या पुन्हा चाळल्या आणि आकाशाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात दुसरी टिकटिक शोधून काढली. दोन टोकांना राहणारी हिरवी माणसे एकाच वेळी एकाच पद्धतीने आपल्याला हाका मारतील, हे संभवत नव्हते. ते गरगर फिरणारे मृत तारे निघाले.

त्या शोधासाठी १९७४ चे नोबेल दिले गेले ते तिच्या मार्गदर्शकांना. तिला नाही. खांब कोणी ठोकले आणि हार कोणाच्या गळ्यात पडला, ही कथा आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगायची गरज नाही. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचे दुसरे मोठे पारितोषिक मिळाले. ती सगळी रक्कम तिने, ज्या समाजांतून भौतिकशास्त्रात मुले-मुली फारशी येत नाहीत अशांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली.

अगदी ताजी गोष्ट म्हणजे १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या के२-१८बी ह्या ग्रहाची. केंब्रिजमधले भारतीय वंशाचे निक्कू मधुसूदन आणि त्यांचे सहकारी यांनी एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की त्याच्या हवेत, पृथ्वीवर मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव तयार करतात तसला वायू असल्याची चिन्हे दिसतात. लगेच इतरांनी तीच माहिती पुन्हा तपासली आणि पुरावा अपुरा आहे म्हणाले. तो वाद चालू आहे. आमची इच्छा मधुसूदन खरे ठरावेत अशी आहे, पण आमच्या इच्छेला तिथे मत नाही.

हे सगळे ऐकून मुलांनी हट्ट धरला की एक तरी खरी दुर्बीण दाखवा. दुर्बीण आपल्या दारातच आहे. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आसपासच्या गावांतून सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे लोकांना आत सोडतात, शाळकरी मुलांचे प्रदर्शन भरते. आम्ही यंदा मुलांना घेऊन एस.टी.ने गेलो. त्या नववीतल्या मुलाचे आजोबाही आले. आबांनी तीस वर्षे दगडाच्या खाणीत काढली आहेत. "मुलगा काय बघतो ते मी पण बघतो," म्हणाले.

निघताना एका मावशींनी आम्हांला अडवले होते. "आमच्या नळाला दिवसाआड पाणी, आणि तुम्ही पोरांना आकाश दाखवायला निघालात. त्या दुर्बिणीच्या पैशांत काय काय झालं असतं?" प्रश्न रास्त आहे, त्याला हसण्यावारी नेणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आम्ही एवढेच म्हणालो की नळाचे पैसे दुर्बिणीने खाल्ले नाहीत, ते कोणी खाल्ले ते मावशींना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मावशींचे समाधान झाले नाही. पण नातीला त्यांनी आमच्याबरोबर पाठवले, डब्यात चार भाकऱ्या जास्तीच्या घालून.

खोडदला फाटकापाशीच मोबाईल बंद करायला लावतात. मोबाईलचा जोर त्या क्षीण आकाशसंकेतांपुढे फार मोठा. जणू कोणी कुजबुजत असताना कानाशी बँड वाजवावा. मुलांचे चेहरे पडले, पण थाळी समोर आली तेव्हा मोबाईल कोणाला आठवला नाही. आम्हांला वाटले होते भरीव पत्र्याची असेल. ती निघाली बारीक तारांच्या जाळीची, पोलादी दोरांनी ताणलेली. पलीकडचे आभाळ आरपार दिसते. खर्च कमी आणि वाऱ्याचा मारही कमी. आबा थाळीखाली बराच वेळ मान वर करून उभे राहिले. "बांधणारा हुशार," एवढेच म्हणाले. ह्याच थाळ्यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या एका छोट्या यानाची क्षीण हाक कोट्यवधी किलोमीटरवरून ऐकली होती. उतरण्याच्या थोडे आधी हाक थांबली. यान आपटून फुटले होते. म्हणजे कोणी बोलले तर ऐकण्याइतका कान आपल्याकडे आहे.

परतताना हाताशी तीन-चार तास होते, म्हणून जुन्नरला गेलो. वेरूळ लांब, पण जुन्नरच्या डोंगरांत लेण्यांना तोटा नाही. वाटेत आम्ही मुलाला वेरूळचे उरलेले सांगितले. कैलास लेणे वरून खाली कोरले, आधी कळस मग पाया. बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकातल्या एका ताम्रपटात त्याचे वर्णन आहे. घडवणारा कारागीर स्वतःच थक्क झाला, हे आपल्या हातून कसे झाले म्हणाला आणि पुन्हा असे काम करायला त्याची ताकद उरली नाही, असे त्यात लिहिले आहे. आम्हांला त्या थकलेल्या माणसाची फार आठवण येते. आणि कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दर्शनी दार धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने केले, बापाच्या नावासकट, हे तिथेच ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सुताराचे नाव दगडात राहिले. त्याला आज मोबाईलवरचा कोणी अंतराळवीर करणार असेल तर तो सामीच्या मजुरीवर दरोडा आहे.

मानमोडीच्या डोंगरात भूतलेणी म्हणतात तिथे एक चैत्यगृह आहे. दर्शनी भाग नक्षीदार, आतले काम अर्धवट सोडून दिलेले. मुलगा आत फिरला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. "काका, परग्रहवाल्यांनी केलं असतं तर असं मध्येच का सोडलं असतं?"

आम्ही उत्तर द्यायच्या आत आबा भिंतीपाशी गेले होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बोटे दगडावर फिरवली. छिन्नीचे तिरपे घाव ओळीने दिसत होते. मग त्यांनी नातवाचा हात धरून त्या घावांवर ठेवला. "हा बघ, इथून टाकी लावली, इकडून ठोकलं. धार गेली की घाव असा पसरट होतो. इथं त्यानं टाकी बदलली." दोन पावले पुढे जाऊन ते थांबले. "आणि हा दुसरा गडी. घाव उलट्या बाजूने आलेत. डावखुरा असावा."

"कशावरून?" मुलाने विचारले. जानेवारीत त्याने मोबाईलला हा प्रश्न विचारला नव्हता.

आबांनी पायाजवळचा एक लांबट दगड उचलून डाव्या हातात धरला आणि हवेत मारून दाखवला. मग उजव्या हाताने दाखवला. मुलाला पूर्ण पटले नाही. तो म्हणाला की माणूस दुसऱ्या बाजूला उभा राहिला तरी घाव असाच येईल. आबा विचारात पडले. दोघे समोरच्या भिंतीवरचे घाव तपासायला लागले, आणि नारायणगावची शेवटून दुसरी गाडी आमच्या हातून गेली.